रेषेचा पूर्वरंग

कार्टूनपट म्हटला की चित्रांचा एक प्रचंड ढीग आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पडद्यावरून एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. ८३ मिनिटांच्या चित्रपटात अशा १ लाख १९ हजार ५२० चौकटी होतात. एक चित्र दोन-दोन चौकटींना पुरविले तरी आकडा साठ हजारांच्या घरात जातो, आणि एका चौकटीत तीन-चार पात्रे असली तर तो पुन्हा तिप्पट-चौपट होतो. हे गणित ऐकले की मनुष्य थक्क होतो आणि ‘केवढे हे कष्ट!’ असे म्हणून विषय संपवितो. आमच्या मते येथेच त्याची दिशाभूल होते. कष्ट आहेतच, परंतु केवळ कष्टांनी चित्र जिवंत होत असते, तर ही कला पहिल्या दशकातच पूर्णत्वाला पोचली असती, कारण कष्टांत त्या पहिल्या मंडळींनी काहीच कसूर ठेवली नव्हती. ती पोचली नाही. तिला वाढीला जवळजवळ ३० वर्षे लागली. आणि त्या ३० वर्षांत जे वाढले ते मुख्यतः पहिली रेषा उमटण्यापूर्वीचे काम होते.

कीर्तनात आख्यानाला रंग भरतो तो पूर्वरंगाच्या जोरावर. आख्यान सर्वांच्या ध्यानात राहते, पूर्वरंग विसरला जातो. पण निरूपण कच्चे असेल तर आख्यान नुसती गोष्ट होऊन बसते. हाताने काढलेल्या पात्राचा एक ‘सीन’ रंगविण्यापूर्वी चित्रकार जो पूर्वरंग करतो, त्याचा इतिहास सांगावयाचे आम्ही येथे योजले आहे. ‘सीन’ या शब्दाचा अर्थ प्रथमच स्पष्ट करतो. नाटकातील प्रवेश असा त्याचा अर्थ येथे नाही. कॅमेऱ्याच्या एका जागेवरून दिसणारा, बहुधा काही सेकंदांतच संपणारा तुकडा म्हणजे सीन.

प्रारंभीच्या काळात ही तयारी एकाच माणसाच्या डोक्यात होत असे. पॅरिसमध्ये एमिल कोल याने १९०८ साली ‘फँटास्मागोरी’ हा दोन मिनिटांहूनही लहान चित्रपट सुमारे ७०० चित्रांतून उभा केला. त्यात एक आकृती दुसरीत विरघळते, दुसरी तिसरीत. रेषेला जे सुचेल ते ती करते. त्यात गंमत आहे, पण पात्र नाही. पात्र आले ते अमेरिकेत, विन्सर मॅके या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्री व्यंगचित्रकाराबरोबर. १९११ च्या ‘लिटल निमो’साठी त्याने सुमारे ४,००० चित्रे काढली, आणि १९१४ साली त्याने ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर मादी पडद्यावर आणली. मॅके स्वतः हातात चाबूक घेऊन रंगमंचावर उभा राही आणि पडद्यावरच्या गर्टीला हुकूम सोडी. ती कधी ऐके, कधी हट्ट करी, रागावले तर रडे. रंगमंचावरचे बोलणे आणि पडद्यावरची कृती यांचा मेळ बसावा म्हणून प्रत्येक क्षणाचे माप आधी ठरलेले असणे भागच होते.

मॅकेच्या तयारीतील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. गर्टीचा श्वासोच्छ्वास किती वेळाचा दाखवावा हे ठरविण्यासाठी त्याने घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला. दुसरे असे की, हालचालीच्या आरंभापासून शेवटापर्यंत ओळीने चित्रे काढीत जाण्याऐवजी तो मुख्य मुख्य ठेवणी आधी काढी आणि मधल्या जागा मागाहून भरी. पुढे साऱ्या धंद्याने उचललेली ही पद्धत म्हणजे वस्तुतः तयारीचेच तत्त्व आहे: कोठून निघावयाचे आणि कोठे पोचावयाचे हे ठरल्यावाचून वाटेतले पाऊल टाकू नये.

परंतु मॅके हा एकटा कारागीर होता. धंद्याला एवढा वेळ परवडणारा नव्हता. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कार्टूनचे कारखाने उभे राहू लागले. राऊल बारे याने कागदांना भोके पाडून ते खुंट्यांवर बसविण्याची युक्ती रूढ केली, त्यामुळे एकावर एक ठेवलेली चित्रे हलेनाशी झाली. अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पात्र काढून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्यामुळे दर चित्रामागे डोंगर-झाडे पुन्हा गिरविण्याचे श्रम वाचले. या दोन्ही शोधांचे उपकार मोठे आहेत. मात्र श्रम वाचले तसा विचारही वाचविण्याची सवय लागली. दर काही दिवसांनी एक चित्रपट बाहेर पडला पाहिजे, अशा घाईत चित्रकाराला विनोदाची एक कल्पना तोंडी सांगितली जाई आणि तो थेट कागदाला हात घाली. चालण्याची एक ठरीव आवर्तने, पळण्याची दुसरी. राग आला की टोपी उडावयाची. कुत्रा, मांजर आणि माणूस हे सारे एकाच चालीने चालत.

याच सुमारास मॅक्स फ्लायशर याने दुसरा मार्ग काढला. खऱ्या माणसाचे चलच्चित्र घेऊन त्याची एकेक चौकट काचेवर पाडावयाची आणि तिच्यावरून चित्र गिरवावयाचे, अशा त्याच्या ‘रोटोस्कोप’ यंत्राला १९१७ साली पेटंट मिळाले. हालचाल अगदी खरी झाली. पण खरी हालचाल आणि सजीव पात्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास आणखी २० वर्षे जावी लागली.

तयारीची सक्ती प्रथम केली ती ध्वनीने. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्टीमबोट विली’ न्यूयॉर्कमध्ये झळकला. मूकपटाच्या काळी चित्रकार एखादी कृती थोडी लांबवी, थोडी आखडी. कोणाचे काही बिघडत नसे. संगीत आले आणि ही मोकळीक संपली. विल्फ्रेड जॅक्सन या तरुण साहाय्यकाने मेट्रोनोम, म्हणजे संगीतशिक्षकांचे तालयंत्र, पुढे ठेवून हिशेब मांडला. सेकंदाला २४ चौकटी आणि सेकंदाला दोन ठोके धरले तर दर ठोक्याला १२ चौकटी येतात. तेव्हा पाऊल पडावयाचे ते बाराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या चौकटीलाच. तबलजीला सम चुकवून चालत नाही, तद्वतच चित्रकारालाही चालेनासे झाले. कोणते चित्र कोणत्या चौकटीला यावयाचे हे नोंदविण्याचा तक्ता, ज्याला ‘एक्स्पोजर शीट’ म्हणतात, तो पूर्वी कॅमेरावाल्याच्या सोयीचा कागद होता. आता तो संगीतलिपीसारखा रचनेचा कागद झाला.

येथून पुढची आठ-नऊ वर्षे म्हणजे आमच्या विषयाचा गाभा होय. हा इतिहास मुख्यत्वे लॉस एंजेलिस येथील डिस्ने यांच्या स्टुडिओत घडला. कथा शब्दांत लिहिण्याऐवजी छोटी छोटी चित्रे काढून ती फळ्यावर टाचण्याची पद्धत तेथे रूढ झाली. १९३३ चा ‘थ्री लिटल पिग्ज’ अशा संपूर्ण चित्रफलकावरून उतरला असे सांगतात. दुसरी गोष्ट पेन्सिल-टेस्टची. कच्ची चित्रे रंगविण्यापूर्वीच त्यांचे चित्रण करून ते एका लहान, कोंदट खोलीत पाहिले जाई. त्या खोलीला चित्रकारांनी ‘स्वेटबॉक्स’, म्हणजे घाम फोडणारी पेटी, असे नाव ठेवले होते. खोलीतल्या उकाड्याइतकेच ते तेथे होणाऱ्या चिकित्सेलाही लागू होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. नोव्हेंबर १९३२ पासून शुइनार्ड कलाशाळेतील शिक्षक डॉन ग्रॅहम स्टुडिओतच चित्रकारांचे वर्ग घेऊ लागले. ज्यांचे पोट कार्टूनवर चालत होते असे लोक दिवसभराच्या कामानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जिवंत मॉडेलसमोर बसू लागले, चित्रपटांतील माणसांची हालचाल एकेक चौकट थांबवून अभ्यासू लागले.

२३ डिसेंबर १९३५ रोजी डिस्ने यांनी ग्रॅहम यांना एक लांबलचक पत्र लिहिले. चांगल्या अॅनिमेटरला चित्रकलेबरोबरच अभिनयाची, कथेच्या रचनेची आणि प्रेक्षकाची जाण असली पाहिजे, असे त्यात होते. आणि त्याहून मोलाचा मुद्दा असा की, कृतीला चालना देते ते पात्राचे मन आणि त्याची वृत्ती. आमच्याकडील नाट्यशास्त्राचा अभ्यास केलेल्या श्रोत्यांना यात ओळखीचे काही आढळेल. आधी भाव, मग अनुभाव. भुवई का चढली हे ठाऊक नसताना चढविलेली भुवई हा अनुभाव नव्हे, ते तोंड वेंगाडणे होय.

‘स्नो व्हाइट’ची सिद्धता १९३४ पासून चालली होती. तिच्यातील एखाद्या सीनची तयारी कशी होई ते पाहू. फलकावरची चित्रे आणि ध्वनिमुद्रित संवाद हाती असताना दिग्दर्शक अॅनिमेटरला बोलावून घेई आणि तो तुकडा त्याच्या स्वाधीन करी. या भेटीत बहुधा दोघेही तो प्रसंग करून दाखवीत. अॅनिमेटरला पात्राच्या आधीच्या आणि नंतरच्या सीनची माहिती करून घ्यावी लागे; कारण ते दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर असत, आणि एकाच्या सीनच्या शेवटी पात्राच्या उजव्या हातात असलेली बादली दुसऱ्याच्या सीनमध्ये डाव्या हातात जाऊन चालत नसे. ‘लेआउट’ या कागदावर जागेचा नकाशा असे: दार कोठे, पायरी कोठे, पात्र किती मोठे. ‘मॉडेल शीट’वर पात्राचे निरनिराळ्या बाजूंनी रूप असे, म्हणजे २० चित्रकारांनी काढलेला बुटका एकच बुटका वाटावा. ध्वनीची तपासणी झालेला तक्ता असे. त्यात कोणता वर्ण कोणत्या चौकटीला उच्चारला जातो हे लिहिलेले असे. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण असल्याने त्या ठिकाणी ओठ मिटलेच पाहिजेत. एरवी आवाज तोंडातून न येता कोठून तरी मागून आल्यासारखा वाटतो.

एवढे सारे घेऊन अॅनिमेटर आपल्या टेबलाशी येई. तरीही पेन्सिल लगेच चाले असे नाही. तो संवाद पुन्हा पुन्हा ऐके, टेबलावरच्या आरशात तोंड करून पाही, घड्याळ लावून कृती स्वतः करी. मग अंगठ्याएवढ्या आकाराची कच्ची रेखाटने करी. लहान रेखाटनात डोळे-नाक काढण्यास जागाच नसते. त्यामुळे नुसत्या अंगाच्या ठेवणीतून भाव कळतो की नाही, याची परीक्षा आपोआप होते. काळ्या छायेवरूनच जे समजत नाही ते पुढे कितीही तपशील भरला तरी समजावयाचे नाही.

या तयारीचे फळ एका उदाहरणाने दाखवितो. ‘ग्रंपी’ हा बुटका स्नो व्हाइटवर सदा खार खाऊन असतो. ती त्याच्या कपाळाचे चुंबन घेते तो प्रसंग बिल टिट्ला यांनी रंगविला. ग्रंपी तिच्या हातून सुटून तरातरा निघतो. चाल हळूहळू मंदावते. चेहरा निवळतो, तो वळून पाहतो आणि क्षणभर अगदी विरघळून जातो. लगेच स्वतःच्या विरघळण्याचाच त्याला राग येतो आणि पुन्हा तोऱ्यात निघतो, तो नाक झाडात अडकवून घेतो आणि पाण्यात पडतो. हा केवळ काही सेकंदांचा प्रकार आहे. जुन्या पद्धतीच्या चित्रकाराला यातला एकच भाग दिसला असता: पाण्यात पडणे. टिट्ला यांनी पडण्याआधीचे मन काढले, म्हणून आपण हसतो ते ग्रंपीच्या आपटण्याला नव्हे, त्याच्या फजितीला. आणि हसताना त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागते. पुढे काचपेटीपूर्वी, मृत स्नो व्हाइटच्या भोवती बुटके बसतात, तो शोकाचा प्रसंग फ्रँक थॉमस यांनी केला. तेथे हालचाल जवळजवळ नाहीच. दीड दशक ज्या कलेने धावपळीवर पोट भरले, तिने स्तब्ध बसण्याचे धैर्य दाखविले. आणि ग्रंपी तोंड फिरवून हुंदके देऊ लागला तेव्हा २१ डिसेंबर १९३७ च्या पहिल्या खेळाला बसलेले प्रेक्षक रडले, असे त्या रात्रीचे वृत्त आहे.

स्नो व्हाइटच्या स्वतःच्या आकृतीसाठी मार्जोरी बेल्चर या तरुण नर्तिकेच्या हालचालींचे चित्रण करण्यात आले होते. येथे फ्लायशरच्या यंत्राचा मोह पुन्हा उभा राहिला. पण वर्गांतून शिकलेल्या चित्रकारांनी ते चित्रण बहुतांशी अभ्यासाचे साधन म्हणून वापरले. नुसते गिरवले की आकृती निर्जीव आणि ताठर दिसते, कारण काय ठेवावे, काय गाळावे आणि कशावर भर द्यावा, हा निर्णय यंत्र करीत नाही. तयारी म्हणजे माहिती गोळा करणे एवढेच नव्हे. त्या माहितीतून निवड करणे हे तिचे अर्धे अंग आहे.

निवडीची किंमत कधी फार मोठी असते. वॉर्ड किंबल यांनी बुटक्यांच्या सूप पिण्याचा संपूर्ण प्रसंग पेन्सिलीत पुरा केला होता. तो चांगला नव्हता असे कोणीच म्हटले नाही. पण कथेचा ओघ त्यापाशी थबकतो असे दिसून आले आणि तो वगळला गेला. किंबल नोकरी सोडण्याच्या विचारात होते. पुढे ‘पिनोकिओ’तील जिमिनी क्रिकेट हे पात्र त्यांच्याकडे सोपवून त्यांची समजूत घालण्यात आली. सुमारे १५ लाख डॉलर खर्चाच्या चित्रपटात असा पुरा झालेला प्रसंग टाकून देण्यास जे मन लागते, ते कारखानदारीचे मन नव्हे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांना विचार करण्यास वेळ मिळे ते थोडे होते. अॅनिमेटरच्या रेषा सेल्युलॉइडवर शाईने उतरविणाऱ्या आणि मागून रंग भरणाऱ्या मुख्यत्वे स्त्रिया होत्या. त्यांच्या हातून प्रत्येक चौकट गेली, पण पात्राला काय वाटते हे त्यांना कोणी विचारीत नसे. पगारांत तफावत मोठी होती, आणि पडद्यावर नावे येत ती मोजक्यांचीच. २९ मे १९४१ रोजी डिस्ने स्टुडिओत संप झाला. कमी पगाराच्या मंडळींच्या बाजूने आर्ट बॅबिट आणि टिट्ला यांच्यासारखे नामवंत अॅनिमेटरही त्यात उतरले. संप मिटला, पण वर्गांच्या काळातील तो एकोपा परत आला नाही. दोन वर्षांच्या आत टिट्ला यांनी तो स्टुडिओ सोडला. १९४२ च्या ‘बॅम्बी’च्या नामावळीत अॅनिमेटर म्हणून रेटा स्कॉट यांचे नाव आले. त्या स्टुडिओत हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. इतका उशीर लागावा, यावरूनच दार किती अरुंद होते हे कळते.

‘बॅम्बी’चा उल्लेख आला, त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्या चित्रपटासाठी खरी हरणे आणून त्यांची हाडे, सांधे, उभे राहण्याची लकब यांचा अभ्यास करण्यात आला होता. त्यावर काम केलेल्यांपैकी क्लेअर वीक्स हे अॅनिमेटर मिशनरी आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. अमेरिकन तांत्रिक साहाय्याच्या योजनेखाली ते १९५६ साली मुंबईत आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागातील तरुणांना त्यांनी धडे दिले. १९५७ चा ‘बॅनियन डिअर’ हा लघुपट त्या शिकवणीतून निघाला. ज्या जातककथा अजिंठ्याच्या भिंतींवर रंगविलेल्या आहेत, त्याच भांडारातील ही कथा: गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा मृगराज आणि त्यामुळे पालटलेला राजा. राम मोहन हे त्या शिकणाऱ्या तरुणांपैकी एक. १९९२ मध्ये पुऱ्या झालेल्या जपानी-भारतीय ‘रामायणा’च्या दिग्दर्शकांत त्यांचे नाव आहे.

आमच्याकडे या कलेला अगदीच पूर्वपुण्याई नव्हती असे नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे एकेक चौकट चित्रण केले होते; आणि ती फीत दाखवूनच त्यांनी भांडवल मिळविले. त्यात रेखाटन नव्हते, पण चौकटीगणिक धीर धरण्याची तीच वृत्ती होती. फाळक्यांना तो धीर उपजत होता. वीक्स यांनी आणली ती शिकविता येण्याजोगी शिस्त.

या शिस्तीचे पुढे आपण काय केले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गेल्या काही दशकांत आपल्या देशातील स्टुडिओंना परदेशी मालिकांचे पुष्कळ काम मिळाले. हातांना काम मिळाले, कौशल्य वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अशा कामात कथाफलक, पात्रांचे नमुने, ध्वनी आणि बहुधा लेआउटही बाहेरून तयार होऊन येतात. म्हणजे पूर्वरंग तिकडे होतो, आणि इकडे उरते ते मधली पाने भरण्याचे काम. १९४१ पूर्वी एका स्टुडिओच्या दोन मजल्यांत जी वाटणी होती, तीच दोन खंडांत पसरली. कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला, सेल्युलॉइड गेले, स्वेटबॉक्सही गेली. पण पात्र हलते ते का, हा प्रश्न कोणी सोडवावयाचा, ही गोष्ट यंत्राने ठरत नाही.

म्हणून आपल्या भाषेत कार्टूनपट होत नाहीत अशी तक्रार करताना, किती चित्रकार आहेत आणि किती यंत्रे आहेत याची मोजदाद आपण जरूर करावी. पण त्याबरोबर आणखी एक चौकशी करावी. पहिली रेषा काढण्यापूर्वी त्या चित्रकारांना किती दिवस दिले जातात? आरशासमोर बसलेला, कागद कोरा ठेवून एकच वाक्य दहा वेळा ऐकणारा माणूस हिशेबनिसाला रिकामा बसलेला दिसतो. त्याचा तो वेळ कामाचा आहे असे ज्या संस्थेच्या जमाखर्चात लिहिले जाईल, तेथे ही कला रुजेल. मुंबईतील त्या तरुणांना १९५६-५७ साली तो वेळ मिळाला होता. पुढच्यांनाही तो मिळवून देणे आपल्या हाती आहे.